आप्पांचा आवाज मोडीत

हे लिहायचंच नाही, असं तारिकनं पक्कं ठरवलं होतं. दोन ओळी टाईप करायच्या आणि पुसून टाकायच्या, असं कितीदा झालं. कारण उघड होतं. कोरेगावात लोक विश्वासानं आपले कॉम्प्युटर दुरुस्तीला त्याच्या टेबलावर आणून ठेवतात, आणि ह्या गोष्टीत तारिक मुलाणीनं एका जित्या माणसाचा आवाज आपल्या हातानं मोडीत दिलाय. असलं कोण स्वतःहून सांगतं?

पण मग बाजारात भलतंच फिरायला लागलं. कुणी म्हणे कुंकवाचा चमत्कार झाला. कुणी म्हणे तारक्यानं थेट अमेरिकेला फोन लावून कुलूप उघडून घेतलं. तेव्हा तो म्हणाला, मरू दे लाज. झालं तसं तरी लिहून होऊ दे.

तर वीरधवल, म्हणजे आमचा वीर्या, हा तारिकचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे वडील नाथाजी. त्यांना घरचे-दारचे सगळेच आप्पा म्हणतात. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले, आता ऊस आणि आलं करतात. आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं उठून उभं राहायचं. तोंडात तंबाखू मात्र कायम. व्हायचं तेच झालं. घशात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

"म्हंजे बोलायचं कायमचं बंद?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"बरं. आमच्या मंडळींला बरं वाटंल."

डॉक्टर हसला. आप्पांची बायको, अंबूबाई, हसल्या नाहीत. त्या पदर तोंडाला लावून बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या.

ऑपरेशनच्या आधी वीर्यानं तारिककडून माईक मागून आणला आणि घरच्या लॅपटॉपवर आप्पांचा आवाज भरून घ्यायचं ठरवलं. मोबाईलवर घेऊ म्हटलं, तर आप्पांनी साफ नाही म्हणून सांगितलं.

"मोबाईलवर घेतलंस तर सांजच्यापतुर भावकीच्या ग्रुपवर जाईल. माझा आवाज काय गुड मॉर्निंगचा फोटो हाय व्हय? त्या डब्यात घे, आणि डब्यातच ऱ्हाऊ दे. कुणाला द्यायचा न्हाई."

म्हणून तो आवाज त्या एका लॅपटॉपमध्येच राहिला. दुसरीकडं कुठंच नाही.

आप्पा रोज जे बोलायचे तेच भरलं. 'अंबे, च्या टाक.' 'वीर्या, मोटर बंद कर.' 'कोण हाय रं तिकडं?' 'अंबे, गप की जरा!' तारिकनं एकेक बोलणं एकेका बटणावर बसवून दिलं. बटण दाबलं की बोलणं बाहेर.

आणि एक मोठं रेकॉर्डिंग. ते आप्पांनी खोलीचं दार लावून, एकट्यानंच केलं. वीर्याच्या बायकोला, शिवांजलीला, तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. बाहेर येऊन आप्पा म्हणाले, "हे नातवंडाला हाय. बारशाला लावायचं. तवर कुणी ऐकायचं न्हाई. पोरगा असो का पोरगी."

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. आप्पा वाचले. गळ्याला भोक, त्यावर पांढरी पट्टी, आणि सोप्यात खाटेजवळ स्टुलावर लॅपटॉप. तोच त्यांचा घसा. दारात माणूस आला की आप्पा सावकाश बोट उचलायचे आणि घरातून गर्जना व्हायची, 'कोण हाय रं तिकडं?' नवं माणूस दचकून चप्पल तिथंच सोडायचं. एकदा तलाठी आले होते, तर चुकून शेजारचं बटण दाबलं गेलं. 'अंबे, गप की जरा!' तलाठी खरंच गप झाले.

अंबूबाई म्हणायच्या, "आदी घशातनं वराडायचं, आता डब्यातनं वराडतंय. माझं काय बदललं?" पण रोज सकाळी तो डबा पदरानं पुसायच्या त्याच.

आली खंडेनवमी.

शेतकऱ्याचं घर, त्यात फौजी. आप्पांकडं खंडेनवमीची पूजा म्हणजे लय शिस्तीची. पाटावर कोयता, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, पलटणीतला पट्टा. सगळं धुऊन-पुसून, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याला त्या दिवशी हात जोडायचे, एवढी साधी गोष्ट. आणि आप्पा त्या वर्षी कशाच्या जिवावर बोलत होते? त्यांनी लॅपटॉप उचलला आणि पाटावर मधोमध मांडला. उघडा. चालू.

अंबूबाई स्वयंपाकघरात होत्या. वीर्या बाहेर ट्रॅक्टरला हार घालत होता. आप्पांनी दोन बोटांनी कुंकू घेऊन बटणांच्या वरच्या अंगाला लावलं, वर अक्षता टाकल्या. मग ट्रॅक्टरच्या चाकापुढं फोडतात तसा नारळ फोडला आणि दोन्ही भकलं लॅपटॉपवर धरली. पाणी धारेनं बटणांत उतरलं.

स्क्रीन एकदा चमकली आणि काळी झाली.

वीर्याचा फोन आला तेव्हा तारिक दुकानातच होता. गेला, लॅपटॉप उलटा करून खोलला. आत सगळं चिकट, नारळाचा वास, आणि बटणांच्या फटीतून गळलेलं कुंकू थेट मदरबोर्डावर लाल-लाल पसरलेलं. त्यानं थोडं पुसून बघितलं, चार्जर लावून बघितला. काही नाही.

मागं आप्पा उभे होते. ते काय बोलणार? स्वतःच्या कपाळावर तळहात मारत होते, ठप ठप, तेवढाच आवाज.

"आप्पा, आवं जीव नका जाळू," तारिक म्हणाला. त्यानं आतली डिस्क काढून दाखवली, च्युइंगमच्या पट्टीएवढी. "बोर्ड गेलाय, पण तुमचा आवाज बोर्डात न्हाई. तो हितं हाय. आणि ही कोरडी ठक्क हाय. बोर्ड बदलला की झालं."

आप्पांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. तारिकला पुढं कितीतरी दिवस त्या हातांची पकड आठवत राहिली.

दसरा झाल्यावर तारिक आणि वीर्या मोटरसायकलवर सांगलीला निघाले. तिथं नानासो म्हणून एक जण जुने लॅपटॉप, जुने बोर्ड विकतो. तारिक माल त्याच्याकडूनच आणतो. वाटेत आष्ट्यात चहाला थांबले.

"नवा बोर्ड टाकला की विंडोज चालंल का, का ते बी इकत घ्यायचं?" वीर्यानं विचारलं.

आता हा तारिकचा आवडीचा विषय. त्यानं कुठं कोर्स केलेला नाही, जे शिकला ते मोबाईलवर व्हिडिओ बघून आणि लोकांचे कॉम्प्युटर खोलून. त्यामुळं कुणी विचारलं की सांगायची लय हौस.

"बग, लॅपटॉपसंगट जे विंडोज येतं, त्याचं लायसन तुझ्या नावावर नसतंय. बोर्डाच्या नावावर असतंय. कंपनीतच त्याच्या पोटात घालून देत्यात. मालक बदल, डिस्क बदल, त्याला काय फरक न्हाई. बोर्ड बदलला की मात्र खेळ खलास. जुन्या बोर्डाचं लायसन जुन्या बोर्डासंगट."

"म्हंजे ट्रॅक्टर मी घेतला, हप्ते मी भरले, आणि सातबारा इंजिनाच्या नावावर?"

"आगदी तसंच."

"लय हरामखोर हायत की रं."

"पण आपलं काय अडत न्हाई. आपुन त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा जुना बोर्ड घेणार. त्याच्या पोटात त्याचं लायसन हायच. सून आली की संगट भांडी घिऊन येती, तसं."

वीर्या हसला. तारिकही हसला. सगळं माहीत असल्यासारखा.

नानासोच्या दुकानात तसाच बोर्ड मिळाला. पैसे देताना नानासो म्हणाला, "जुना आणलाय न्हवं? टाक हिकडं. मोड धरतो."

आपल्याकडं ही रीतच आहे. नवं भांडं घ्यायचं तर जुनं मोडीत द्यायचं. पितळेचं पातेलं असो, डोरलं असो, नाही तर बोर्ड. रिकाम्या हातानं कुणी नवं घेतच नाही.

वीर्यानं पिशवीतून कुंकू लागलेला बोर्ड काढला. क्षणभर हातात धरून उभा राहिला.

"देऊ का रं?"

"दे की," तारिक म्हणाला. "त्यात आता आपलं काय न्हाई."

नानासोनं बोर्ड मागच्या गोणीत भिरकावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या सोप्यात सगळे जमले. तारिकनं नवा बोर्ड बसवला, डिस्क लावली, झाकण लावलं. आप्पा खाटेवर ताठ बसले होते, कवायतीला बसावं तसे. शिवांजली उंबऱ्यात, एक हात पोटावर. अंबूबाईंनी देवाला साखर ठेवली.

तारिकनं बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. अंबूबाई "आला गं बाई!" म्हणाल्या.

आणि सगळा पडदा निळा झाला.

निळ्यावर पांढरी अक्षरं. डिस्क कुलूपबंद आहे, उघडायची तर भल्यामोठ्या आकड्यांची रांग टाका. खाली रिकामे चौकोन.

तारिकनं बंद करून परत चालू केलं. निळं. डिस्क काढून परत लावली. निळं. हे लायसनचं नव्हतं. लायसन नसलं तर विंडोज कोपऱ्यात एक पाटी लावतं आणि चालत राहतं, दार बंद करत नाही. हे दार बंद होतं.

"काय झालं?" वीर्या.

"थांब."

"तारक्या, काय झालं?"

"थांब म्हणतोय न्हवं!"

तो मोबाईल घेऊन अंगणात गेला. आंब्याखाली उभं राहून वाचत गेला. नवे लॅपटॉप आपल्या डिस्कला आपणच कुलूप घालतात. मालकाला विचारत नाहीत, सांगत नाहीत. आणि त्या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या चिपमध्ये असते. डिस्क त्याच बोर्डावर असेल तर कुलूप गुपचूप उघडतं, कुणाला पत्ताही लागत नाही. बोर्ड बदलला, की डिस्क म्हणते, तू कोण?

लायसन बोर्डाला बांधलेलं असतं, हे तो गावाला सांगत फिरत होता. आवाजही त्याच बोर्डाला बांधलेला होता, हे त्याला माहीत नव्हतं.

दुसरी एक किल्ली ईमेलच्या खात्यात जमा असते, असंही लिहिलं होतं. लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोरानं खातं काढलं होतं. कुठल्या नावानं, काय पासवर्ड, देव जाणे. अंदाजानं एक खातं सापडलं, तर ते म्हणालं कोड पाठवतो, आणि कोड गेला आप्पांच्या जुन्या नंबरवर. तो नंबर कधीच बंद झालेला.

आत आला तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं वीर्याला खुणेनं बाहेर बोलवलं आणि सांगितलं.

वीर्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"जुना बोर्ड पायजे?"

"व्हय."

"जो आपुन मोडीत दिला?"

"व्हय."

"तू म्हणलास, त्यात आपलं काय न्हाई."

तेवढ्यात आतून टक टक टक असा आवाज आला. दोघांनी वळून बघितलं. आप्पा त्या निळ्या पडद्यापुढं बसून सवयीनं चहाचं बटण दाबत होते. एकदा, दोनदा, तीनदा. अंबूबाई चुलीपाशी कान देऊन उभ्या होत्या. चहाचं पातेलं हातात.

तारिकनं नानासोला फोन लावला.

"कुटला बोर्ड? कालची गोणी? आरं गड्या, ती सांजच्यालाच मिरजेला गेली. बिराप्पाकडं. तो चिपा सोडवून इकतो."

"त्याला थांबवा! आत्ता फोन करा!"

"त्यो फोन उचलत न्हाई रं कामात. हातात हीट गन असती. आज हीच गोणी घेतली असंल त्यानं."

मोटरसायकल अशी हाणली, की रहिमतपूर कधी आलं, कऱ्हाड कधी गेलं, कळलं नाही. लॅपटॉप तारिकच्या पोटाशी पिशवीत. आष्ट्यात काल ज्या टपरीवर हसत बसले होते ती मागं पडली तेव्हा वीर्या मान न वळवता म्हणाला, "सून भांडी घिऊन आली. आन आमी सासूला मोडीत दिली."

ऐकून घेण्यासारखंच होतं.

बिराप्पाचं शेड मिरजेच्या बाहेर, माळाला. दारातच जळक्या प्लॅस्टिकचा वास. आत एक जाडजूड माणूस बनियनवर बसलेला. एका बाजूला बोर्डांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चिपा काढलेल्या बोर्डांचा ढीग, आणि हा दुसरा ढीग मोठा.

तारिकनं धापा टाकत सांगितलं. बिराप्पानं हीट गन खाली ठेवली.

"नानासोची गोणी? झाली की ओ. मघाशीच रिकामी केली."

वीर्या खालीच बसला. तारिक दुसऱ्या ढिगात हात घालून एकेक बोर्ड उलटा-पालटा करायला लागला. सगळ्यांच्या पोटात काळे चौकोनी खड्डे. ह्यातलाच एक आप्पांचा. कुठला? कळून तरी काय उपयोग?

"काय खूण हाय का त्याला?" बिराप्पानं विचारलं.

"कुंकू लागलंय," वीर्या जमिनीकडं बघत म्हणाला. "खंडेनवमीचं."

"कुंकवाचा व्हय? त्यो हितं न्हाई ओ."

दोघांनी मान वर केली.

"त्यो वर ठेवलाय." बिराप्पानं मागं बोट केलं. भिंतीवर बिरोबाची तसबीर, तिच्या फळीवर उदबत्तीचं घर, आणि शेजारी टेकून ठेवलेला तो बोर्ड. "पूजंतलं हाय ते. त्याला आच कशी लावायची? आमच्यात न्हाई चालत. आयतवारी कृष्णंत सोडणार हुतो."

तारिकला हसावं का रडावं कळेना. वीर्या उठला आणि त्यानं त्या अनोळखी माणसाचे पाय धरले. बिराप्पा घाबरून मागं सरकला. "आवं, आवं! बोर्ड घ्या, पाय सोडा!"

पण बोर्ड मिळाला म्हणजे काय, तो मेलेलाच होता. तारिक बोर्ड बदलणारा माणूस, बोर्ड जिवंत करणारा नाही. व्हिडिओत बघितलेलं तेवढंच. बिराप्पाच्या टेबलावर बसून त्यानं जुन्या ब्रशानं नारळाची चिकटी काढली. बोर्डावर स्पिरिट ओतून थोडी वीज दिली, आणि कुठं आधी वाळतंय ते बघत राहिला. चार्जरच्या जागेजवळ एक तिळाएवढा भाग चटकन कोरडा पडला. तापतंय तिथंच, म्हणजे तिथं शॉर्ट. तो भाग त्यानं उपटून काढला. बोर्ड हलू नये म्हणून बिराप्पानं दोन्ही कडा धरून ठेवल्या.

बोर्ड लॅपटॉपमध्ये घातला. डिस्क लावली. बटण दाबलं.

पंखा फिरला.

निळं काही आलं नाही. नेहमीची खिडकी आली, नेहमीचं चित्र आलं. कुलूपबिलूप काही नाही, जसं काही झालंच नव्हतं. बोर्डानं डिस्क ओळखली. वीर्यानं पिन टाकला आणि समोर आप्पांच्या फायली. शेवटची, मोठी. नाव दिलं होतं, 'बारसं'.

वीर्याच्या हातात पेन ड्राईव्ह तयार होता. पण तारिकनं त्याचा हात बाजूला सारला.

"काय करतुयस?"

"आदी कुलपाचे आकडे घेतो."

"आकडे मरू देत! ती फाईल घे!"

"वीर्या, पडदा बग कसा हलतोय. बोर्ड तापलाय. फाईल मोठी हाय, मधीच बंद पडला तर ती बी अर्धी. आकडे हातात आले तर डिस्कच उघडती. सगळं येतं."

"आणि आकडे घेताना बंद पडला तर?"

तारिक परत बटणांकडं वळला.

"तू कालबी असाच बोलत हुतास," वीर्या ओरडला. "सगळं म्हाईत असल्यागत! माझ्या बापाचा आवाज हाय त्यो, तुझी हौस न्हाई!"

ते खरं होतं. म्हणूनच तारिकचं बोट थांबलं. एक श्वासभर. ह्या वेळी आपल्याला खरंच माहीत आहे, की परत माहीत असल्यासारखं वाटतंय? कुणी सांगणारं नव्हतं. बिराप्पा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. बोर्डातून करपल्याचा वास यायला लागला.

तारिकनं कॉम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली. जी ओळ टाकायची ती मोटरसायकलवर सगळ्या वाटेनं मनात घोकली होती. टाईप केली. चुकली. पडदा लवलवला. वीर्यानं त्याच्या खांद्याला धरून मागं ओढलं, त्यानं एका हातानं टेबल धरून ठेवलं आणि दुसऱ्यानं परत टाईप केलं.

आकडे आले. आडवी लांब रांग.

मोबाईल उचलला, फोटो काढला. फ्लॅश पडद्यावर उमटून शेवटचे आकडे पांढरे झाले. फ्लॅश बंद करून दुसरा काढला.

टप्. लॅपटॉप काळा झाला. बटणांच्या फटीतून बारीक धूर.

बोर्ड गेला. ह्या वेळी कायमचा.

वीर्यानं तारिकची कॉलर धरली. मारणार होता, हात वर गेलाच होता. तारिकनं मोबाईल त्याच्या डोळ्यांपुढं धरला.

"वाच. सगळे दिसत्यात का वाच."

वीर्यानं वाचलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. शेवटपर्यंत गेला. परत पहिल्यापासून वाचलं.

"दिसत्यात," तो म्हणाला. पण कॉलर काही सोडली नाही. मग तिथंच, कॉलर धरूनच, तारिकच्या छातीवर डोकं ठेवून रडला.

बिराप्पा म्हणाला, "च्या सांगू का ओ?"

कोरेगावात दुकानात येऊन तारिकनं ती डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटरनं आकडे मागितले. वीर्या एकेक आकडा सांगायचा, तारिक दाबायचा. शेवटचा दाबला आणि दोघंही बटणाकडंच बघत राहिले, पडद्याकडं बघायची हिंमत होईना.

उघडलं. सगळ्या फायली जागच्या जागी.

मग फायली वीर्याच्या पेन ड्राईव्हवर उतरवून घेतल्या, नव्या बोर्डावर नवं विंडोज टाकलं आणि फायली परत आत ठेवल्या. इंटरनेट लागलं तसं ते आपोआप म्हणालं, लायसन चालू आहे.

"कुणाचं?" वीर्यानं विचारलं.

"ह्या बोर्डाच्या आधीच्या मालकाचं. कोण, कुटला, काय म्हाईत."

"आणि आप्पांचं?"

"ते मिरजंत जळालं."

"बरं झालं," वीर्या म्हणाला. "लायसन कुणाचं का असंना."

मोठी फाईल मात्र नीट आहे का, हे बघायला पाहिजे होतं. दोन दिवसांत एवढे धक्के बसल्यावर नुसत्या नावावर कोण विश्वास ठेवणार? पण ऐकायचं तर आप्पांचा शब्द मोडतो. तारिकनं आवाज पार बंद केला, स्पीकरची वायर उपटून बाजूला ठेवली, आणि फाईल लावली. पडद्यावर एक हिरवी रेघ उठायला लागली. मध्येच ताठ उभी राहायची, मध्येच बारीक होऊन बराच वेळ जवळजवळ सपाट, मग एकदम वर. दोघं मुक्यानं ती रेघ बघत बसले. आत आप्पा बोलत होते. एके ठिकाणी रेघ फार वेळ सपाट राहिली तेव्हा वीर्यानं तोंड फिरवलं.

घरी लॅपटॉप स्टुलावर ठेवला. आप्पा हात लावेनात. स्वतःच्या हातांकडं बघायचे आणि मागं घ्यायचे. पूजा केली त्याच हातांनी.

शेवटी अंबूबाई बाहेर आल्या. "सरका तिकडं," म्हणाल्या, "आणि ते माझं लावा. गप बस म्हणत्यात ते."

वीर्यानं दाबलं. 'अंबे, गप की जरा!' सोपा दणाणला.

अंबूबाई भिंतीला टेकल्या. "न्हाई बसायची गप," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते करा." आणि आप्पा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. पट्टीतून श्वास सूं सूं येत होता.

निघताना वीर्या मोटरसायकलपर्यंत आला. हातात पेन ड्राईव्ह होता.

"आप्पा तयार झाल्यात. पाटीवर लिवून दिलं. मोठ्या फायलीची एक कॉपी तुझ्याकडं ठेवायची."

"माझ्याकडं? माझ्या हातनं एवढं झाल्यावर?"

"मी बी तेच म्हणलं," वीर्या म्हणाला. "त्यांनी लिवलं, पहाऱ्यावर एकदा झोपलेला संत्री परत झोपत न्हाई. पण तारक्या, मी तुला वळखतो. तुला कुटलीबी बंद वस्तू दिसली की खोलून बगायची सवय. दुकानात एकटा असशील. मन होईल."

"होईल," तारिक म्हणाला. खोटं कशाला बोला? "आत्ताच होतंय."

"मग?"

तारिकनं पेन ड्राईव्ह घेतला, रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या आतल्या खिशात घातला.

"तुझ्या लेकराच्या आदी त्यो आवाज कुणाच्या कानात जाणार न्हाई, वीर्या. माझ्या बी न्हाई. बारशाला येतो, लावून देतो, आणि लावलं की बाहीर जाऊन उभा ऱ्हातो. माझा शब्द हाय."